पाहुण्यांची बाटली, आबांचं पिंप

आमच्या गल्लीत शिरलं की आबांचं घर आधी नाकाला भेटायचं आणि मग डोळ्यांना. वळणावरच तो वास समोर यायचा, आंबट, तिखट, थोडा लाकडाचा, थोडा जुन्या फळांचा. नवखा माणूस तिथं शिंकायचा. आम्हाला मात्र त्या वासाशिवाय घरी आल्यासारखं वाटत नसे.

आबा शिरका बनवत. कोणी त्याला व्हिनेगर म्हणो, आबा शिरकाच म्हणत आणि लोक त्यांना शिरकेआबा म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत लाकडी पिंपं उभी होती. त्यांच्या तोंडांवर पातळ धुवट कापड बांधलेलं असे, कारण शिरक्याला श्वास लागतो. मागच्या खोलीत चूल, मोठं टेबल आणि परसात उघडणारं दार. एवढंच घर. बायको लवकर गेली. तिनं मागं ठेवलेली मुलगी आणि तिनं घातलेलं विरजण, दोन्ही आबांनी सारख्याच काळजीनं वाढवलं. विरजण एका पिंपातून दुसऱ्यात जात राहिलं आणि मुलगी टेबलाखालून टेबलाच्या वर येत मोठी झाली.

आबांचा धंदा आंबट, पण जीभ अशी की समोरचा माणूस चिडायला आलेला असला तरी पाणी पिऊन, बसून, हसून जाई. आणि नाक! त्या नाकाबद्दल बोलायचं तर मला सावकाश बोलावं लागेल. टपालवाला पत्र द्यायला आला की आबा म्हणत, "पिशवीत सफरचंद आहे तुझ्या. आजच खा, उद्याला नाही टिकायचं." टपालवाला पिशवीत हात घाले आणि सफरचंद निघे, देठाशी बोटभर मऊ पडलेलं. मी सुतार आहे, भिंतीला भिंत लावून राहतो, त्यांची पिंपं मीच दुरुस्त करायचो. माझ्याकडच्या फळ्यांचा ढीग हुंगून आबा मधलीच एक फळी ओढत आणि म्हणत, "ही नको सुतारा, हिला आतून ओल आहे." ती चिरल्यावर आत काळं निघायचं.

लोक त्यांच्याकडे उरलीसुरली वाईन घेऊन येत. कुणाची पाहुणे गेल्यावर उरलेली, कुणाची विसरून राहिलेली. आबा बाटली घेत, बूच काढत, एकदा हुंगत, "ओतू?" असं विचारत आणि मान हलली की पिंपात ओतत. मग ठरलेलं एक वाक्य: "थंडी सरली की या, तयार झालेला असेल." त्यामुळं त्या घरात चांगली वाईन अशी कधी राहिलीच नाही. जी आली ती पिंपात गेली.

डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा मळा ज्यांचा, त्यांना आम्ही मळेवाले म्हणायचो. ताठ मानेचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांची वाईन कधी आंबत नाही, असं ते स्वतः सांगत. ती अधूनमधून आंबत असे, हे त्यांच्या मुलाला माहीत होतं, कारण ती गुपचूप ओढ्यात ओतायचं काम त्याच्याकडे होतं. पोराला ते बघवेना. एका दुपारी तो ओढ्याकडे न जाता गाडी वळवून आबांच्या दारात आला. दार मुलीनं उघडलं.

त्यानंतर मळ्यात आंबलेली वाईन संपली, तरी पोराचं येणं संपलं नाही. शेवटी तो चांगली वाईन घेऊन येऊ लागला. आबा हुंगायचे आणि म्हणायचे, "अरे, ही तर ठणठणीत आहे. हिला कशाला आणलंस?" पोरगा कानापर्यंत लाल व्हायचा.

असं ते जमलं. पण मळेवाल्यांच्या मनात एक गाठ होती आणि ती त्यांच्यासारख्या माणसाच्याच मनात असू शकते. वाईन करणारा शिरक्याला भितो, शेतकरी टोळाला भितो तसा. त्याचा एक थेंब, त्यावर बसलेली एक माशी तळघरात शिरली तर पिंपंच्या पिंपं आंबतात. "मुलगी लाखात एक आहे," ते मुलाला म्हणाले, "पण शिरक्याच्या घरची आहे. तिची ओढणी माझ्या तळघरावरून गेली तरी मला झोप लागणार नाही." पोरगा हटून बसला. आईनं मधे पडून तोड काढली की एकदा त्यांच्याकडे जेवायला जाऊ, घर बघू, माणसं बघू आणि उठताना होय की नाही ते सांगून टाकू.

म्हणजे मुलीचं सगळं त्या एका जेवणावर आलं.

तिनं आबांची शिकवणी सुरू केली. पाहुणा व्हायला मला बोलावलं आणि हातात एक रिकामी बाटली दिली. मी दारातून आत आलो.

"या या!" आबा म्हणाले आणि बाटली माझ्या हातातून हिसकावल्यासारखी घेतली.

"आबा, दोन्ही हातांनी घ्यायची. हळू. मग बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचायचं."

"ह्यावर तर काही नाहीच."

"असल्यासारखं करा ना! मग म्हणायचं, कशाला त्रास घेतलात. एकदाच. तुम्ही चारदा म्हणता, मग माणसाला वाटतं खरंच आणायला नको होती."

"बरं. एकदा."

"मग विचारायचं, आता उघडू की जपून ठेवू. आणलेली बाटली उघडलीच पाहिजे असं नाही आणि लपवलीच पाहिजे असंही नाही. त्यांच्या मनात काय आहे ते बघायचं. आणि दुसऱ्या कुणाच्या वाईनशी तुलना करायची नाही. आणि आबा..." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हुंगायची नाही."

"न हुंगता उघडू कशी?"

"उघडायची आणि ओतायची. पेल्यात! सगळे हुंगतात तसं पेल्यातून हुंगा. बाटलीला नाक लावायचं नाही, गिऱ्हाईक आल्यासारखं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "सुतारा, उद्या ही मला श्वास घेऊ नका म्हणेल."

तरी ते शिकले. दिवसभर दारातून आत-बाहेर करून माझे गुडघे दुखले, पण आबा दोन्ही हातांनी अशी बाटली घेऊ लागले की जणू तान्हं मूल घेतायत.

ठरलेल्या दिवशी ऊन कलतं होतं तेव्हा ते तिघं आले. मुलीनं पुढची खोली घासून पुसून लखलखीत केली होती, पिंपांवर नवी कापडं बांधली होती. मळेवाल्यांनी तरी दारातच रुमाल काढला, नाकाला लावला आणि पिंपांमधून असे चालत गेले की जणू झोपलेल्या कुत्र्यांमधून जातायत. त्यांच्या बायकोनं मात्र एका पिंपावर हात ठेवला आणि म्हणाली, "किती छान लाकूड आहे हो." मी छाती फुगवली. ते पिंप मी दुरुस्त केलेलं होतं.

मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. भाजलेली कोंबडी, बटाटे, गरम पाव, हिरव्या पानांचं सॅलड. खुर्च्या माझ्या घरच्या, म्हणून मलाही बसवलं होतं. सगळे बसल्यावर मळेवाल्यांनी पिशवीतून बाटली काढली. ती काढण्यातच किती काय होतं! आधी मान दिसली, मग खांदे, मग पिवळी पडलेली चिठ्ठी.

"हा जन्मला," ते मुलाकडे बोट करून म्हणाले, "त्या सालची. त्या वर्षीच्या पहिल्या तोडणीची. एवढी एकच राखली. म्हटलं होतं, ह्याचं ठरेल त्या दिवशी उघडायची."

मुलीनं खाली बघितलं. ती बाटली आणणं म्हणजे अर्धा होकारच होता, आणि उरलेला अर्धा जेवणात होता.

आबांनी दोन्ही हात पुढं केले. बाटली घेतली. चिठ्ठी वाचली. "कशाला त्रास घेतलात," ते म्हणाले, एकदाच. "आता उघडू, की जपून ठेवू?"

मळेवाल्यांची मिशी हलली. त्यांना हे आवडलं होतं. "आजच. आणि तुम्हीच उघडा. आणणाऱ्यानंच उघडली तर ते देणं कसलं?"

बूच काढायचा स्क्रू पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे. आबा बाटली घेऊन तिकडं गेले. माझी खुर्ची डगमगत होती, तिला पाचर शोधायला मीही त्यांच्या मागं गेलो. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

आबांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आतली वाईन मानेच्या बरीच खाली उतरली होती. त्यांनी स्क्रू फिरवला. बूच आवाज न करता निघालं आणि बोटांत चुरलं. आणि मग नको सांगितलेलं ते त्यांनी केलं. बाटलीला नाक लावलं.

त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी ओळखीचं माणूस गेल्याची बातमी आली आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेली," ते कुजबुजले.

"कोण गेली?"

"वाईन रे. आंबली आहे. कधीच आंबली आहे." त्यांनी बाटली माझ्या नाकापुढं धरली. त्या खोलीत मला सगळ्याचाच वास आंबट येत होता.

"मग सांगा ना त्यांना. तुमची काय चूक?"

"वेडा आहेस का? मुलाच्या जन्मापासून जपली त्यानं. आमच्या घरी, आमच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत मी त्याला सांगू की तुझी वाईन आंबली? ज्याची कधी आंबत नाही त्याला?"

"पेल्यात ओतली की कळेलच."

"म्हणूनच पेल्यात जाता कामा नये."

"मग फुटली म्हणा."

"काचा कुठून आणू? आणि आयुष्यात मी बाटली फोडलेली नाही." त्यांनी पिंपांकडं वळून बघितलं, आणि मला त्यांचा बेत कळला.

"आबा, नको," मी म्हणालो. "त्यांना त्याचीच तर भीती आहे, या घरात येईल ते आंबतं म्हणून. पोरीचं लग्न मोडेल."

तिथं त्यांचा हात थांबला. पलीकडून मुलीचं हसणं ऐकू आलं, पोरगा काहीतरी म्हणाला होता. आबांनी डोळे मिटले. "ती माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "तिला राग येईल, पण तिला कळेल. पाहुण्याचा पडलेला चेहरा मी कुणाकडून उचलून घेऊ?" आणि त्यांनी सगळ्यात जवळच्या पिंपाचं कापड बाजूला केलं आणि बाटली उपडी केली. बूच सदऱ्याच्या खिशात टाकलं.

आम्ही परत आलो. आबांनी रिकामी बाटली टेबलावर ठेवली, हात पुसले आणि अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, "थंडी सरली की या, तयार झालेला असेल."

मग एकदम कपाळावर हात मारला. "अरे देवा! काय केलं मी हे!"

मी नाटकं पाहिली आहेत, पण असला नट पाहिला नाही.

"कुठं ओतलीत?" मळेवाल्यांनी विचारलं.

"पिंपात."

"पिंपात?"

"सवयीनं झालं हो. हातात बाटली आली, बूच निघालं, की हात आपले आपण चालतात. डोकं मागं राहतं."

मळेवाल्यांची मान लाल झाली आणि ती लाली कानांपर्यंत चढली. मुलीनं बापाकडं बघितलं. तिला माहीत होतं की "ओतू?" असं विचारल्याशिवाय तिच्या बापानं जन्मात थेंब ओतलेला नाही. तिनं नजर वळवली आणि शांतपणे म्हणाली, "आबांचं असंच आहे. परवा यांनी माझं सरबतसुद्धा ओतलं होतं."

खोटं. साफ खोटं. स्वतःचं लग्न पणाला लावून सांगितलेलं खोटं.

मळेवाले उठले. "मी म्हणत होतो," ते बायकोला म्हणाले, "या घरात जे येईल ते आंबणार!"

"बसा," बायको म्हणाली.

"बसतो कसला! निदान बाटली तरी घरी नेतो." त्यांनी ती उचलली आणि मागचं दार उघडून परसात गेले. पोरगा उठायला लागला, आईनं त्याला हातानं खाली दाबलं.

खिडकीतून आम्हाला ते दिसत होते. परसातून गल्लीकडं मोकळा वारा वाहत होता, पिंपांचा वास तिथवर येत नव्हता. त्यांनी बाटली उन्हाला धरली. मग वाईन करणाऱ्याचा हात जे करतो तेच त्यांच्या हातानं केलं. बाटली नाकाशी नेली.

ते तसेच उभे राहिले. पुन्हा हुंगलं. मग खिडकीशी आले.

"बूच कुठं आहे?"

"बूच? ते मी चुलीत टाकलं," आबा म्हणाले.

"खिशात काय फुगलंय?"

"हे? ही सुताराची पाचर."

"माझीच पाचर," मी म्हणालो.

मळेवाल्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि तळवा उघडून धरला. आबांनी खिशातून बूच काढून दिलं. ते हातातच भुरभुरलं, वाळलेल्या मातीसारखं.

मळेवाले दारातून आत आले, खुर्चीवर बसले आणि बूच पांढऱ्या ताटलीत ठेवलं.

"ही आज नाही आंबली," ते म्हणाले. "ही आधीच आंबलेली होती. यांनी हुंगलं, यांना कळलं. आणि मला कळू नये म्हणून यांनी स्वतःला वेडं ठरवलं."

"छे छे," आबा म्हणाले, "चांगली होती. माझीच चूक."

"माझी चूक."

"अहो, बाटली मी ओतली!"

"अहो, आंबवली मी!"

"तुम्ही पाहुणे आहात, तुमची चूक असूच शकत नाही!"

"माझ्या वाईनची चूक मी दुसऱ्याला घेऊ देणार नाही!" मळेवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली, तशी बटाट्यांनी ताटात उडी मारली.

तेव्हा त्यांच्या बायकोचा बांध फुटला. ती हसू लागली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "सांगू का खरं? जगाला शिकवतात हे, बाटली आडवी ठेवावी, बूच ओलं राहतं. आणि ही एक बाटली बैठकीत, भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर, उभी! का, तर तळघरात कुणाला दिसणार नाही म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची होती ना! मी म्हणाले, वाळेल बूच. तर म्हणाले, तुला काय कळतं."

"तुला काय कळतं, असं मी म्हणालो नव्हतो."

"म्हणाला होतात, बाबा," पोरगा म्हणाला.

मळेवाले आधी मिशीत हसले, मग मिशीच्या बाहेर. मग आबा. मग तर असं झालं की एक थांबला की दुसरा बुचाकडं बघायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. कोंबडी थंड झाली तरी कुणाला पर्वा नव्हती.

हसणं ओसरल्यावर मळेवाल्यांनी बाटली मुलीकडं सरकवली. "परसात जा आणि हुंगून सांग मला, कधी गेली असेल ही?"

मुलीनं आबांकडं बघितलं.

"हुंग बाई," आबा म्हणाले. "आज नियम सगळे मोडलेच आहेत."

ती बाहेर गेली आणि आत आली. "अलीकडं नाही. बुचाच्या बाजूनं हळूहळू गेली असणार. पण वाईन फार चांगली असली पाहिजे काका. आंबली तरी तिच्यात अजून पिकल्या फळाचा वास आहे."

मी मळेवाल्यांच्या तोंडून होय ऐकायला कान लावून बसलो होतो, पण माणूस मोठा हिकमती. ते वेगळंच बोलले.

"माझ्या तळघरात पिंपं आंबतात," ते म्हणाले. पोरगा दचकला. हे त्यांनी कुणापुढं कबूल केलं नव्हतं. "आंबतात आणि मला उशिरा कळतं. नाक म्हातारं झालं माझं. इतकी वर्षं मी शिरका दाराबाहेर ठेवला आणि तो आतच होत होता. आधी कळलं असतं तर वाचवता आली असती. तू येशील का? आठवड्यातून एकदा पिंपं हुंगायला?"

"तळघरात? मी?"

"तूच. सून म्हणून ये. नाही म्हटलंस तरी पिंपं हुंगायला ये."

"येईन," ती म्हणाली. मग हनुवटी वर केली, अगदी तिच्या गेलेल्या आईसारखी. "पण आबांचं काम मी सोडणार नाही. शिरका मी करणारच."

"कर की. माझ्याकडं येताना अंघोळ करून, कपडे बदलून ये, म्हणजे झालं."

"आणि ओढणी?"

पोरानं खाली बघितलं. हे बोलणं तिच्यापर्यंत कुणी पोचवलं, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

"ओढणी," मळेवाले खाकरून म्हणाले, "मी स्वतः दाराशी खुंटीला टांगून ठेवीन."

आबा उठले आणि व्याह्यांना मिठी मारली. त्या रुमालाचं काय झालं कोण जाणे, नंतर मी तो टेबलाखाली पडलेला पाहिला.

थंडी सरल्यावर मळेवाले खरंच आले. तोवर मुलगी त्यांची सून झाली होती आणि तिनं हुंगून आंबताना पकडलेली दोन पिंपं वेळेवर वाचली होती. आबांनी ती बाटली ज्यात ओतली होती त्या पिंपातला शिरका गाळून त्याच जुन्या बाटलीत भरला होता, पिवळी चिठ्ठी तशीच ठेवून. मळेवाल्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "कशाला त्रास घेतलात," म्हणाले, एकदाच. मग तिथंच उघडली, बोटावर थेंब घेतला आणि डोळे मिटून चाखला.

"माझीच आहे," ते म्हणाले. "काय उतरली आहे!"

आता ती बाटली त्यांच्या बैठकीत शेकोटीच्या वरच्या फळीवर असते. उभी. शिरका आहे, त्याला आडवं पडायची गरज नाही. येणारा-जाणारा विचारतो, ही कुठली वाईन? मळेवाले मिशी नीट करतात, खुर्ची पुढं ओढतात आणि सुरुवातीपासून सांगायला लागतात. आत स्वयंपाकघरात त्यांची बायको हसू दाबत म्हणते, "झालं, आता जेवण गार होणार."